कायद्याचे कुलूप, चर्चचे दार

राज्य आणि धर्मसंस्था यांचे नाते किती गुंतागुंतीचे असते, हे समलिंगी विवाहाच्या प्रश्नाने युरोपात पुन्हा दिसून आले. डेन्मार्क आणि इंग्लंड, दोन्हीकडे चर्चला राजमान्यता आहे. तरीही दोघांच्या वाटा निराळ्या झाल्या.

डेन्मार्कने 1989 साली समलिंगी जोडप्यांच्या सहजीवनाची नोंदणी करणारा कायदा केला. जगातला असा तो पहिलाच कायदा. चर्चमधील विवाह मात्र त्यात नव्हता. तिथल्या राष्ट्रीय चर्चचे कायदे संसद करते. जून 2012 मध्ये संसदेने 85 विरुद्ध 24 मतांनी तोही मार्ग मोकळा केला. तेव्हा चर्चखात्याचे मंत्री होते भारतीय वंशाचे मनू सरीन. धर्मगुरूला असा विवाह लावणे पटत नसेल तर तो नकार देऊ शकतो. पण मग दुसरा धर्मगुरू मिळवून देणे हे बिशपचे काम. विरोधक न्यायालयात गेले आणि 2017 साली सर्वोच्च न्यायालयात हरले.

इंग्लंडची अडचण वेगळी होती. तिथे रहिवाशाला आपल्या भागातील राजमान्य चर्चमध्ये विवाह करण्याचा जुना कायदेशीर हक्क आहे. त्यामुळे 2013 च्या समलिंगी विवाह कायद्यातून चर्च ऑफ इंग्लंडला वगळावे लागले. या तरतुदींना ‘चौपदरी कुलूप’ असे नाव पडले. इतर धर्मसंस्थांनी स्वतःहून होकार दिला तरच त्यांच्याकडे असे विवाह लागतात. क्वेकरांनी 2009 सालीच तयारी दाखवली होती. मेथॉडिस्टांनी 2021 साली होकार दिला.

कुलूप लागले, पण दबाव हटला नाही. फेब्रुवारी 2023 मध्ये चर्च ऑफ इंग्लंडच्या महासभेने अशा जोडप्यांसाठी आशीर्वादाच्या प्रार्थनांचा मार्ग स्वीकारला, विवाहाचा नाही. काही खासदारांना हे अपुरे वाटले. उलट आफ्रिका-आशियातील अनेक अँग्लिकन धर्मप्रमुखांनी याच कारणाने आर्चबिशप जस्टिन वेल्बी यांचे नेतृत्व नाकारले.

डेन्मार्कने धर्मगुरूचा विवेक जपला, पण चर्चमधल्या विवाहाचा निर्णय संसदेत झाला. इंग्लंडने निर्णय चर्चच्या हाती ठेवला, पण त्याच चर्चमध्ये दर रविवारी प्रार्थनेला येणारी जोडपी विवाहापासून वंचित राहिली. राज्याने कुणाच्या श्रद्धेवर सक्ती करू नये आणि धर्मसंस्थेने कुणाचा नागरी हक्क अडवू नये. हे पथ्य पाळले तर निम्मे भांडण मिटते. उरलेले निम्मे श्रद्धावंतांनाच एकमेकांसमोर बसून सोडवावे लागते. ते काम कोणताही कायदा करून देत नाही.