बंद रस्ता आणि मोकळी वाट : मिरवणुकीच्या नकाशाचा इतिहास

१/ अनंत चतुर्दशी जवळ आली की महाराष्ट्रातील मोठ्या शहरांच्या वृत्तपत्रांत एक यादी छापून येते. कोणता रस्ता कोठून कोठपर्यंत बंद, वाहने कोठे वळणार, पर्यायी मार्ग कोणता. चार दिवसांत ती रद्दीत जाते. रस्ता नेमका कोणाचा, या प्रश्नावर सव्वाशेहून अधिक वर्षे चाललेला वाद मात्र या यादीच्या प्रत्येक ओळीत दडलेला आहे.

२/ मिरवणूक निघाली की दोन हक्क समोरासमोर येतात. एक, समुदायाने वाजतगाजत रस्त्याने जाण्याचा. दुसरा, इतरांनी तोच रस्ता ओलांडण्याचा. रुग्णाला दवाखाना गाठायचा असतो, प्रवाशाला स्थानक. पहिल्या हक्काचा इतिहास पुष्कळ लिहिला गेला. दुसऱ्याचा फारसा नाही.

३/ १८६१ च्या पोलीस कायद्याच्या कलम ३० ने मिरवणुकीचा मार्ग व वेळ ठरवून देण्याचा आणि सणाच्या दिवशी रस्त्यावर वाद्ये किती वाजावीत हे सांगण्याचा अधिकार पोलिसांना दिला. मुंबई इलाख्यात पुढे जिल्ह्यांसाठी १८९० चा आणि मुंबई शहरासाठी १९०२ चा स्वतंत्र कायदा आला. रस्ता सर्वांचा राहिला. त्यावरून कोण कधी जाणार, हे ठरवणारी लेखणी सरकारच्या हाती गेली.

४/ या लेखणीची कसोटी लवकरच लागली. १८९३-९४ च्या सुमारास पुण्यात गणेशोत्सव सार्वजनिक झाला, रस्त्यावर आला. सप्टेंबर १८९४ मध्ये दारूवाला पुलाजवळील मशिदीवरून वाद्यांसह मेळा नेण्यावरून दंगल उसळली, खटले चालले. मार्ग, वेळ आणि वाद्ये हे तीन शब्द तेव्हापासून मिरवणुकीच्या परवान्याला चिकटले, ते आजतागायत.

५/ मुंबईत हाच प्रश्न मोहरमच्या निमित्ताने उभा राहिला. तेथील ताबुतांच्या मिरवणुका आणि मोहल्ल्यामोहल्ल्यांच्या टोळ्या प्रसिद्ध होत्या. १९११ च्या मोहरममध्ये दंगल होऊन गोळीबार झाला. तत्कालीन पोलीस आयुक्त एस. एम. एडवर्ड्स यांनी पुढच्या वर्षी मार्गांवर कडक निर्बंध घातले आणि त्यानंतर टोळ्यांची ती जुनी मिरवणूक ओसरत गेली. बंदी उत्सवावर नव्हती, रस्त्यांवर होती. परिणाम मात्र उत्सवावर झाला. रस्ते बंद करणारा नकाशा काय करू शकतो, याचे हे ठळक उदाहरण.

६/ मग नागरिकाचा हक्क उरला कोठे? १९२४-२५ च्या सुमारास लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलसमोर मंझूर हसन विरुद्ध मुहम्मद झमान हा खटला आला. वाद शिया मिरवणुकीचा, गाव औरंगाबाद. परंतु हे औरंगाबाद मराठवाड्यातील नव्हे, उत्तरेकडील संयुक्त प्रांतातील. कोणत्याही पंथाला सार्वजनिक रस्त्याने मिरवणूक नेण्याचा हक्क आहे, असा निर्वाळा मिळाला. मात्र इतरांच्या नेहमीच्या वापरात अडथळा येता कामा नये आणि दंडाधिकाऱ्यांचे कायदेशीर आदेश पाळले पाहिजेत, या अटी त्याला जोडल्या गेल्या.

७/ आजच्या प्रत्येक बंदोबस्ताचे सूत्र याच निर्णयात आहे. मिरवणुकीचा हक्क आणि वाटसरूचा हक्क, दोन्ही एकाच वाक्यात मान्य झाले. दोन्ही एकाच रस्त्यावर कसे नांदवायचे, हे काम न्यायालयाने नकाशा आखणाऱ्यावर सोपवले.

८/ स्वातंत्र्यानंतर १९५१ चा मुंबई पोलीस अधिनियम आला. आज तो महाराष्ट्र पोलीस अधिनियम म्हणून ओळखला जातो. कलम ३३ खाली नियम करता येतात, कलम ३६ खाली प्रत्यक्ष आदेश देता येतात. याच कायद्याखालील एका नियमाच्या आधारे अहमदाबादेत रस्त्यावर सभा घेण्यास परवानगी नाकारली गेली, तेव्हा हिम्मतलाल शहा यांचा खटला सर्वोच्च न्यायालयात पोहोचला. १९७२ मध्ये न्यायालयाने तो नियम रद्द केला. शासनाला नियमन करता येईल, पण सगळेच रस्ते सभेला बंद करता येणार नाहीत, हा त्याचा सारांश.

९/ आता पुण्याचा नकाशा पाहू. विसर्जन मिरवणुकीचे चार प्रमुख मार्ग : लक्ष्मी, केळकर, कुमठेकर आणि टिळक रस्ता. मानाच्या पाच गणपतींची मिरवणूक मंडईतून निघते आणि बेलबाग चौकातून लक्ष्मी रस्त्याने पुढे सरकते. चारही रस्ते अखेर टिळक चौकात, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेल्या अलका टॉकीज चौकात, एकवटतात. पुढे नदी.

१०/ अडचण भूगोलातच आहे. हे मार्ग साधारण पूर्व-पश्चिम जातात, तर शिवाजी रस्ता आणि बाजीराव रस्ता त्यांना दक्षिणोत्तर छेदतात. मिरवणूक चोवीस तासांहूनही अधिक काळ चालते. तेवढा वेळ शहराचा मध्यभाग दुभंगतो आणि पेठेतील माणसासाठी पलीकडची पेठ परगाव होते.

११/ यावर पुण्याने काढलेला तोडगा म्हणजे वर्तुळाकार मार्ग. कर्वे रस्ता, नळस्टॉप, विधी महाविद्यालय रस्ता, सेनापती बापट रस्ता, गणेशखिंड रस्ता, संचेती चौक, पुढे सेव्हन लव्हज चौक, मार्केट यार्ड, सिंहगड रस्ता आणि म्हात्रे पुलावरून पुन्हा नळस्टॉप. मधून ओलांडता येत नसेल, तर भोवताली फिरा. अंतर वाढते, पण वाट सापडते. रुग्णवाहिका आणि अग्निशमन दलाला हा वळसा परवडत नाही. म्हणून बंद रस्त्यांच्या आदेशात अत्यावश्यक सेवांना सूट दिलेली असते.

१२/ वारीचे गणित निराळे आहे. पालखी एका जागी थांबत नाही, म्हणून बंद रस्ताही तिच्याबरोबर चालतो. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी पुण्याहून सासवडकडे निघाली की दिवे घाट वाहनांना बंद होतो आणि वाहतूक बोपदेव घाट किंवा कात्रजमार्गे वळते. सोहळा पुढे सरकला की मागचे रस्ते टप्प्याटप्प्याने खुले होतात. येथे नकाशाइतकेच घड्याळ महत्त्वाचे.

१३/ मुंबईत या गणितात वजनही आले. रेल्वेवरील जुन्या पुलांची यादी विसर्जनापूर्वी प्रसिद्ध होते. करी रोड, चिंचपोकळी अशा पुलांवरून जाताना भार मर्यादित ठेवावा, ध्वनिक्षेपक लावू नयेत, नाचत थांबू नये, अशा सूचना असतात. ब्रिटिशांच्या काळात मार्ग ठरवताना दंगलीची धास्ती होती. आता पुलाच्या वयाचीही आहे.

१४/ छत्रपती संभाजीनगरात मिरवणूक राजाबाजारातील संस्थान गणपतीपासून सुरू होते आणि शहागंज, सराफा, सिटी चौक, गुलमंडी असा जुन्या शहराचा कणा धरून जाते. याच वाटेवर बाराभाई ताजिया नावाचा चौक लागतो. ताजियाच्या नावाच्या चौकातून गणपती जातो. एकाच रस्त्यावर अनेकांचा हक्क असतो, हे न्यायालयाने सांगितलेले तत्त्व येथे चौकाच्या पाटीवरच लिहिलेले आहे.

१५/ हा विषय शहरापुरता नाही. कन्नड तालुक्यातील पिशोरसारख्या गावालाही तोच १९५१ चा कायदा लागू आहे. फरक इतकाच की शहरात आदेश पोलीस आयुक्तांचा, ग्रामीण भागात पोलीस अधीक्षकांचा. महाशिवरात्रीला वेरूळच्या घृष्णेश्वराकडे आणि श्रावणातील शनिवारी खुलताबादच्या भद्रा मारुतीकडे भाविकांची रीघ लागते, तेव्हा त्या रस्त्यावरील अवजड वाहने वळवली जातात. जेथे वर्तुळाकार मार्ग काढायला दुसरा रस्ताच नसतो, तेथे वळसा काही मिनिटांचा न राहता काही गावांचा होतो.

१६/ शेवटी एक गोष्ट इतिहासाच्या विद्यार्थ्यांसाठी. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ११५ नुसार वाहतुकीवरील निर्बंध महिन्याभराहून अधिक काळाचा नसेल, तर तो राजपत्रात छापणे बंधनकारक नाही. स्थानिक प्रसिद्धी पुरते. म्हणजे हे नकाशे वृत्तपत्रांत, फलकांवर आणि आता भ्रमणध्वनीच्या पडद्यावर जन्मतात आणि तेथेच विरतात.

१७/ गावातील जुन्या वाचनालयात भाद्रपदातील वृत्तपत्रांचे गठ्ठे असतील, तर ते जरूर चाळावेत. कोणत्या वर्षी कोणता चौक बंद झाला, कोणती गल्ली खुली राहिली, कोणाला सूट मिळाली, याची नोंद तेथेच सापडेल. मिरवणुकीचा दिमाख छायाचित्रांत टिकतो. तिच्या बाजूने वाट काढणाऱ्या सामान्य माणसाला त्या दिवशी किती जागा मिळाली, हे त्या बारीक अक्षरांतील यादीवरूनच कळते.