लेखणी कोणाच्या हाती? राजगडाच्या मुद्रेपासून सर्व्हरवरच्या ‘परवानगी नाकारली’पर्यंत

१/ नसरापूरहून वेल्ह्याकडे जाताना मार्गासनी लागते. येथूनच एक रस्ता साखरमार्गे राजगडाच्या पायथ्याच्या गुंजवण्याकडे वळतो. या खोऱ्यातील शेतकऱ्याची जमीन आज एका सर्व्हरवर नोंदलेली आहे. वारसनोंद करायची, कर्ज काढायचे किंवा जमीन विकायची, तर त्या सर्व्हरने ‘हो’ म्हणावे लागते. त्याने ‘परवानगी नाकारली’ म्हटले की सारे व्यवहार थांबतात. हा नकार कोठून आला, त्याचा हा इतिहास.

२/ संगणकाच्या जगात परवानगीचे तीन प्रश्न असतात. समोरचा कोण आहे? त्याला काय करण्याचा अधिकार आहे? आणि तो अधिकार कोणत्या वस्तूवर, कोणत्या ठिकाणाहून चालतो? सर्व्हर बिघडला असे वाटते तेव्हा पुष्कळदा यांपैकी एका प्रश्नाचे उत्तर चुकलेले असते. हेच तीन प्रश्न या खोऱ्यातील दप्तरांनी साडेतीनशे वर्षांपूर्वी कागद, शाई आणि शिक्के यांच्या साहाय्याने सोडवले होते.

३/ शिवकालीन राजपत्र पाहिले तर माथ्यावर मुख्य मुद्रा दिसते आणि मजकूर संपतो तेथे दुसरी लहान मुद्रा. तिला मर्यादा-मुद्रा म्हणतात. येथे लेखनाची सीमा संपली, असे ती सांगते. त्यानंतर कोणी एक ओळ जरी वाढवली तरी ती शिक्क्याबाहेर पडून उघडी होई. लांब पत्रासाठी कागदाचे बंद एकमेकांना चिकटवत आणि पाठीमागे प्रत्येक जोडावर शिक्का मारीत. मधला बंद काढून दुसरा घातला, तर शिक्क्याचे दोन अर्धे जुळत नसत.

४/ पण शिक्का उमटवणारा हातच फितला तर? यावर उत्तर होते कामांच्या वाटणीचे. १६७४च्या राज्याभिषेकानंतर अष्टप्रधानांची कामे ठरवून देण्यात आली. त्यांत सचिवाचे काम राजपत्रे तपासण्याचे, अधिकउणे अक्षर शुद्ध करण्याचे आणि पत्रावर आपले चिन्ह करण्याचे. जमाखर्चाचे काम अमात्याकडे. आज्ञा देणारा एक, लिहिणारा दुसरा, तपासणारा तिसरा. एकट्याच्या हाताने कागद पुरा होत नसे.

५/ या सचिवपदाचे मार्गासनीच्या परिसराशी थेट नाते आहे. राजाराम महाराजांच्या काळात हे पद शंकराजी नारायण यांच्याकडे आले आणि पुढे त्यांच्याच घराण्यात राहिले. त्यातून उभे राहिले ते पंतसचिवांचे भोर संस्थान, जे १९४८मध्ये विलीन झाले. एका संपूर्ण संस्थानाच्या अधिपतीची पदवी मुळात ‘कागद तपासून चिन्ह करणारा’ अशी होती. लेखनाच्या तपासणीला राज्यव्यवस्थेत केवढे स्थान होते, ते यावरून कळते.

६/ किल्ल्यावरही तीच रीत. सभासदाच्या बखरीत गडाच्या कारभाराचे वर्णन येते. हवालदार, सरनोबत आणि सबनीस या तिघांनी मिळून गड राखायचा, आणि धान्यसामग्रीचा हिशेब कारखानीसाने ठेवायचा. हे सारे अधिकारी एकाच जातीचे नसावेत, अशी दक्षता होती. एक जण फितूर झाला तरी गड जाऊ नये, हा त्यामागचा विचार.

७/ १९७५मध्ये अमेरिकेत सॉल्टझर आणि श्रोडर या दोन संगणकशास्त्रज्ञांनी माहितीच्या संरक्षणाची तत्त्वे मांडली. त्यांतील एक तत्त्व होते, दोन किल्ल्यांशिवाय कुलूप उघडू नये. दुसरे होते, प्रत्येकाला त्याच्या कामापुरताच अधिकार द्यावा, त्याहून तसूभर अधिक नाही. त्यांच्यासमोर राजगड नव्हता. पण अडचण तीच होती. विश्वासू माणूसही चुकतो, फसतो किंवा फिततो. तेव्हा नुकसानीला मर्यादा कशी घालायची?

८/ ही अडचण संगणकाला नवी होती, कारण आरंभीचे संगणक एका वेळी एकाचेच काम करीत. १९६१पासून एमआयटीमध्ये अनेकांना एकच यंत्र वाटून वापरता येऊ लागले आणि परवलीचा शब्द आवश्यक झाला. पुढच्याच वर्षी ॲलन शेर या विद्यार्थ्याने छिद्रपत्रातून विनंती धाडून सर्वांच्या परवलीच्या शब्दांची यादीच छापून घेतली. त्याला यंत्रावर ठरवून दिलेल्याहून अधिक वेळ हवा होता. दरवाजाला कुलूप होते, पण किल्ल्यांची पेटी उघडी होती.

९/ १९७०च्या दशकात बेल प्रयोगशाळेत युनिक्स घडले. त्यात प्रत्येक फाईलला एक मालक आणि एक गट असतो, आणि उरलेले सारे ‘इतर’. प्रत्येकासाठी तीन हक्क: वाचणे, लिहिणे, चालवणे. तीन गुणिले तीन, अशा नऊ खुणांवर आजही जगातले बहुसंख्य वेब सर्व्हर चालतात. फोल्डरच्या बाबतीत ‘चालवणे’ याचा अर्थ ‘आत शिरून पुढे जाणे’ असा होतो. नवशिक्याची बहुतेक डोकेदुखी येथूनच सुरू होते.

१०/ राजगडाचे उदाहरण घ्यावे. बालेकिल्ल्याचा दरवाजा उघडा आहे, पण खालचे पाली, गुंजवणे आणि अळू हे दरवाजे बंद आहेत. मग उघड्या बालेकिल्ल्याचा उपयोग काय? वेब सर्व्हरवर फाईल सर्वांना वाचता येते, तरीही ‘४०३, मनाई’ असा नकार येतो, तेव्हा नेमके हेच झालेले असते. वाटेतल्या एखाद्या फोल्डरने रस्ता अडवलेला असतो. म्हणून तपास फाईलपासून नव्हे, पायथ्यापासून सुरू करावा आणि एकेक दरवाजा पाहत वर जावे.

११/ डेटाबेसचा कारभार थोडा निराळा. १९७६मध्ये आयबीएमच्या सिस्टिम आर या प्रकल्पात ग्रिफिथ्स आणि वेड यांनी हक्क देण्याची आणि परत घेण्याची पद्धत मांडली. ‘ग्रँट’ म्हणजे सनद, ‘रिव्होक’ म्हणजे सनद रद्द. खरा पेच पुढे होता. ज्याला सनद मिळाली त्याने ती आणखी कोणाला दिली असेल आणि मूळ सनदच रद्द झाली, तर खालच्यांचे काय? त्यांचे उत्तर होते, मुळावर उभे असलेले सारे हक्क मुळाबरोबर जातात.

१२/ दख्खनला हा पेच पुस्तकातून शिकावा लागला नाही. नवा राजा गादीवर आला की वतनदार जुन्या सनदा घेऊन नव्याने मान्यता मिळवायला धावत. रोहिडखोऱ्यातील देशमुखीवरून कारीचे जेधे आणि उत्रवळीचे खोपडे यांचा वाद दीर्घकाळ चालला. १८५२च्या कायद्याने इनाम कमिशनला बळ दिले आणि इनामदारांच्या सनदा पेशवे दप्तरातील नोंदींशी ताडून पाहण्यात आल्या. हातातला कागद आणि दप्तरातली नोंद यांचा मेळ बसला नाही, तर जमीन गेली.

१३/ गावच्या पातळीवर लेखणी कुलकर्ण्याच्या हाती होती. दप्तर त्याच्या घरी, लिपी मोडी, आणि पद वंशपरंपरेने मिळालेले. ज्या शेतकऱ्याची जमीन त्यात लिहिलेली होती, त्याला ते वाचता येत नव्हते. लिहिण्याचा हक्क एकाला आणि वाचण्याचा हक्क व्यवहारात कोणालाच नाही, अशी ही स्थिती. महात्मा फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये निरक्षर शेतकऱ्याच्या या नाडणुकीवर प्रहार केला, तो १८८३च्या सुमारास.

१४/ पुढील पाऊल कोल्हापुरात पडले. १९१८मध्ये राजर्षी शाहू महाराजांनी कुलकर्णी वतन रद्द करून पगारी तलाठी नेमले. मुंबई राज्याने १९५०च्या कायद्याने परगणा आणि कुलकर्णी वतने संपवली. लेखणी घराण्याकडून काढून पदाकडे देण्यात आली. माणूस बदलला तरी पद राहते, आणि पद सोडले की माणसाचा अधिकार संपतो. आज सर्व्हरवर हक्क व्यक्तीच्या नावे न देता भूमिकेच्या नावे द्यावेत असे सांगितले जाते, त्यामागे हाच विचार आहे.

१५/ महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ची. तिच्या कलम १५०मध्ये फेरफाराची वाट आखलेली आहे. तलाठी नोंद घेतो, चावडीवर नोटीस लावतो, संबंधितांना कळवतो. हरकत आली तर प्रकरण वेगळ्या नोंदवहीत जाते. मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो, आणि तेव्हाच ती सातबाऱ्यावर उतरते. लिहिणारा आणि प्रमाणित करणारा पुन्हा वेगळे. गडावरची रीत चावडीवर आली, ती अशी.

१६/ ई-फेरफार प्रणालीने हीच वाट सर्व्हरवर नेली. तलाठी आणि मंडळ अधिकारी यांची खाती वेगळी आणि डिजिटल स्वाक्षऱ्याही वेगळ्या. तलाठ्याचा अधिकार त्याच्या सज्ज्यापुरता. शेजारच्या सज्ज्यात तोच माणूस परका. मायएसक्यूएल हा डेटाबेसही असाच वागतो. त्याच्या लेखी खाते म्हणजे नाव आणि ठिकाण यांची जोडी. त्याच नावाने दुसऱ्या यंत्रावरून आले की तो वेगळा इसम ठरतो आणि प्रवेश नाकारला जातो. परवलीचा शब्द अचूक असूनही.

१७/ म्हणून नकार आला की आधी त्याची भाषा नीट वाचावी. ‘प्रवेश नाकारला’ म्हणजे ओळख पटली नाही: नाव, ठिकाण किंवा परवलीचा शब्द चुकला. ‘या तक्त्यावर ही आज्ञा नाकारली’ म्हणजे ओळख पटली, पण सनद नाही. आणि जुनी प्रत पुन्हा बसवल्यावर डेटाबेस सुरूच होत नसेल, तर फाईलींची मालकी बहुधा सर्वाधिकारी ‘रूट’ खात्याकडे गेलेली असते आणि डेटाबेसला स्वतःच्याच दप्तराला हात लावता येत नाही. तीन नकार, तीन वेगळी औषधे.

१८/ कार्यालयातही हेच घडते. तलाठ्याची बदली झाली की जुन्या सज्ज्याचा अधिकार काढून नवा द्यावा लागतो. डिजिटल स्वाक्षरीची मुदत संपली की नूतनीकरण करावे लागते. ते होईपर्यंत नोंद अडकते. दारात उभ्या असलेल्या माणसाला उत्तर मिळते, ‘सर्व्हर डाऊन आहे’. सर्व्हर कदाचित चालूच असतो, फक्त या हाताला आज लिहू देत नसतो. हे दोन आजार वेगळे आहेत. एकात वाट पाहायची असते, दुसऱ्यात कोणीतरी सनद दुरुस्त करायची असते.

१९/ अशा वेळी मोह होतो तो सारे दरवाजे सताड उघडण्याचा. युनिक्सवर ७७७ हा आकडा टाकला की कोणीही वाचावे, कोणीही लिहावे. नकार क्षणात नाहीसा होतो. पण त्याबरोबर मर्यादा-मुद्राही पुसली जाते. उद्या वेबस्थळाच्या एका भोकातून शिरलेला परका तेथे हवे ते लिहून जातो, आणि कोणी लिहिले हे शोधायला खूणही उरत नाही. नकार हे लक्षण होते; लक्षण दाबले, रोग तसाच राहिला.

२०/ महसुली दप्तरालाही असा प्रसंग आला. हस्तलिखित सातबारा आणि संगणकातला सातबारा जुळेनात, म्हणून दुरुस्तीसाठी ‘एडिट’ आणि पुढे ‘री-एडिट’ या सुविधा द्याव्या लागल्या. त्या आवश्यक होत्या, आणि म्हणूनच त्यांवर तपासणी आणि घोषणापत्रांचे बंधनही होते. कलम १५५ही लेखनप्रमादाच्या दुरुस्तीसाठी आहे, मालकी बदलण्यासाठी नाही. दुरुस्तीची लेखणी ही दप्तरातील सर्वांत धोकादायक लेखणी. तिला वेळेची आणि हेतूची मर्यादा लागतेच.

२१/ दुसरीकडे वाचण्याचा हक्क विस्तारत गेला. २०१७मध्ये गावोगाव सातबाऱ्याचे चावडी वाचन झाले. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. आणि १५ ऑगस्ट २०२१ रोजी राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकऱ्याला स्वतःच्या पिकाची नोंद मोबाईलवरून करता येऊ लागली. ज्याला शतकानुशतके आपलेच दप्तर वाचता येत नव्हते, त्याला त्या दप्तराच्या एका रकान्यात लिहिण्याचा अधिकार मिळाला. एकाच रकान्यात, आणि केवळ स्वतःच्या गटापुरता.

२२/ या मर्यादेत अपमान नाही. गुंजवणीच्या खोऱ्यातील एखाद्या गटाची मालकी उद्या कोणी परस्पर बदलू पाहील, तेव्हा सर्व्हरने त्याला ‘परवानगी नाकारली’ असेच म्हणायला हवे. खऱ्या वारसाला तोच नकार मिळाला, तर तो का मिळाला हे कार्यालयाने त्याला स्पष्ट शब्दांत सांगायला हवे आणि सनद दुरुस्त करून द्यायला हवी. पंतसचिवाचे कामही तेच होते: अधिक अक्षर गाळायचे, उणे अक्षर भरायचे, आणि मग आपले चिन्ह करायचे.