खिशात एक मार्स बार असू द्या

आधी पैशांचं बघा. पाकिटात एक पौंडाची कागदी नोट असेल तर ती घरीच ठेवा. यंदाच्या मार्चमध्ये ती बाद झाली, आता कुणी घेणार नाही. नाणी घ्या, खुर्दा भरपूर घ्या. तिकीट आधी काढायची भानगड नाही. दारातल्या लोखंडी चक्रापाशी पैसे टेकवायचे आणि अंग चोरून आत शिरायचं. मोबाइल विसरा. जाड जाकीट घाला. महिना सप्टेंबरचा असला तरी हा इंग्लंडच्या उत्तरेचा सप्टेंबर आहे, आणि तुम्हाला जिथे उभं राहायचंय तिथे डोक्यावर छप्पर नाही.

१९८८ सालचा शनिवार, गाव न्यूकॅसल. तीन वाजता सेंट जेम्स पार्कवर न्यूकॅसल युनायटेड विरुद्ध टॉटनहॅम. एरवी असा सामना म्हणजे लंडनवाल्यांना चार शिव्या घालायची संधी, एवढंच. आज मात्र त्यांच्या शर्टात आपल्यातलाच एक पोरगा येतोय. पॉल गॅस्कॉइन, वय २१. जन्म टाइन नदीच्या पलीकडे, गेट्सहेडमधल्या डन्स्टनचा. शाळकरी वयात याच क्लबात आला, १९८५ साली युवकांचा एफए कप जिंकणाऱ्या संघाचा कप्तान झाला, आणि या उन्हाळ्यात निघून गेला. किंमत २० लाख पौंडांच्याही वर. दोन ब्रिटिश क्लबांमध्ये एवढा मोठा व्यवहार याआधी झाला नव्हता.

सेंट्रल स्टेशनबाहेर पडलात की रस्ता विचारू नका. काळ्या-पांढऱ्या मफलरींच्या मागे चालत राहा. चढ लागेल. अर्ध्या चढावर एक वास येईल, भाजक्या सातूच्या पिठाचा, गोड, ओला, नाकात चिकटून बसणारा. मैदानाला लागूनच दारूची भट्टी आहे, न्यूकॅसल ब्राउन एल तिथेच बनते. इथल्या पोरांना हा वास शनिवारचा वाटतो. तुम्हाला पहिली दहा मिनिटं मळमळेल, मग सवय होईल.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. तुमची कातडी सावळी आहे. या वर्षांत या मैदानाबाहेर नॅशनल फ्रंटची वर्णद्वेषी पत्रकं उघड विकली जातात, आणि ती वाटणाऱ्यांना इथलेच काही प्रेक्षक विरोधही करतात. कुणी काही पुटपुटलंच तर थांबू नका, पुढे चला. अशा सहलींच्या वर्णनांत हे सहसा गाळतात. मला ते बरोबर वाटत नाही.

कोपऱ्यावरच्या दुकानात शिरा. दुकानदार लाहोरचा की जालंधरचा ते विचारायला वेळ नाही, कारण समोर रांग आहे आणि रांगेतला प्रत्येक जण एकच वस्तू मागतोय. मार्स बार. तुमच्या पुढचा पोरगा चार घेतो, हातात वजन करून बघतो आणि मित्राला म्हणतो, "मी घरूनही आणलेत. रात्रभर फ्रीझरमध्ये होते." मित्राच्या चेहऱ्यावर असूया. गोठलेला मार्स बार म्हणजे फेकायला वीटच की.

मार्सच का? गॅस्कॉइन गुबगुबीत आणि गोडघाशा. शिकाऊ असताना मॅनेजर जॅक चार्ल्टननं त्याला वजन उतरवण्याचा दम भरला होता, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. लाडक्याची खोड माहीत असते, तशी ती वर्मी मारायलाही माहीत असते.

आता आत. लोखंडी चक्र कमरेत रुततं, खट्‌ आवाज होतो आणि तुम्ही गॅलोगेटच्या पायऱ्यांवर. इथल्या याच नावाच्या रस्त्यावरून एके काळी गुन्हेगारांना फाशी द्यायला नेत, नाव त्यावरून पडलं. खुर्च्या नाहीत. सिमेंटच्या पायऱ्या, मध्ये मध्ये लोखंडी आडवे दांडे, आणि माणसं. शेजाऱ्याच्या कोटातून सिगारेट, कालची बिअर आणि ओली लोकर यांचा मिळून एक वास. मागच्या भिंतीपाशी आणखी एक वास आहे, तिकडे जाऊ नका. ज्यांना गर्दीतून संडासापर्यंत पोचता येत नाही ते तिथेच मोकळे होतात. गर्दी पुढे झुकली की तुम्ही झुकता, मागे गेली की मागे जाता. पाय जमिनीला टेकलेत की नाहीत याची काही वेळ खात्री नसते. घाबरू नका, पण आडव्या दांड्याच्या मागे उभे राहू नका. दांडा पाठीशी येईल असे पुढे उभे राहा.

हातात बोव्हरिलचा कप घ्या. गोमांसाचा अर्क, वर उकळतं पाणी, खारट, तपकिरी. शाकाहारी असाल तर नुसता हात शेकायला धरा.

आणि कान उघडे ठेवा, कारण तुमच्या उजव्या हाताला मामा-भाचे भांडताहेत.

मामा साठीचा, बंदरातल्या जहाज कारखान्यात क्रेन चालवणारा. भाचा विशीतला, सध्या काहीच न चालवणारा.

"विकला गेला तो, मामा. लंडनच्या पैशाला भुलला."

"अरे, विकलं कुणी? स्वतःला स्वतः कुणी विकतं का? विकणारे ते बघ, तिकडे." मामा बोट दाखवतो ते डाव्या कडेच्या नव्याकोऱ्या स्टँडकडे. जुना लाकडी होता. तीन वर्षांपूर्वी ब्रॅडफर्डला लाकडी स्टँड पेटून माणसं दगावली, त्यानंतर हा उभा राहिला. क्लबचा जुना लाडका खेळाडू जॅकी मिलबर्न याचं नाव दिलंय. "त्यातली प्रत्येक खुर्ची आपल्या पोरांच्या पैशाची आहे. आधी वॉडल गेला. मसाल्याच्या कारखान्यात राबणारं पोरगं, इथे खेळायला लागलं, लंडनला गेलं. मग बीअर्ड्सली, लिव्हरपूलला. आता हा. तिघंही इथलेच. हा क्लब आहे की पोरं वाढवून बाजारात नेणारी मंडई?"

"पण त्या पैशांत नवे आणलेत ना? बीसंट, थॉर्न, हेंड्री, रॉबर्टसन."

"आणले! त्यातले दोन विंबल्डनचे. त्याच विंबल्डनच्या व्हिनी जोन्सनं आपल्या पोराचा कुठे हात घालून पिळा काढला, तो फोटो सगळ्या देशानं पाहिलाय. त्यांनाच आपण पैसे दिले."

फोटो फेब्रुवारीतला, तुम्हीही कधीतरी पाहिला असेल. आसपासचे सगळे एकदम हसतात, दोघंतिघं अंग चोरतात.

इथे तुम्हाला मोह होईल. तुम्हाला पुढचं माहीत आहे. हा मोसम संपेल तेव्हा न्यूकॅसल तळाला असेल आणि खालच्या श्रेणीत जाईल. दोन वर्षांनी हाच गुबगुबीत पोरगा विश्वचषकात तूरिनच्या मैदानावर डोळे पुसेल आणि आज त्याच्यावर चॉकलेट फेकणारे त्याच्यासोबत रडतील. सांगू नका. मामाला तर मुळीच नाही, त्याला वाटेल तुम्ही सट्टेवाले आहात.

भाचा ऐकायला तयार नाही. "त्यानं अजून एक वर्ष थांबायला काय हरकत होती? एकच वर्ष. मी मागतोय काय त्याच्याकडे?"

मला विचाराल तर भाच्याचा राग पैशांवर नाहीच. पैसे कुणाला नको असतात? त्याला खुपतंय ते हे, की त्याच्याच वयाचं, त्याच्याच बोलीत बोलणारं, त्याच्याचसारखं शाळेत दंगा करणारं पोरगं बाहेर पडू शकलं. संचालकांच्या खुर्च्यांपर्यंत चॉकलेट पोचत नाही. कोपऱ्याच्या झेंड्यापर्यंत पोचतं.

मग पुढच्या पायरीवरची एक बाई मागे वळते. पन्नाशीची, हातात थर्मास, ओठांना ठसठशीत लिपस्टिक. ती गेली कित्येक वर्षं याच जागी उभी राहत असणार, कारण तिच्यासाठी सगळे आपोआप सरकतात.

"माझा थोरला लंडनला वीटकाम करतो," ती भाच्याला म्हणते. "इथे काम नव्हतं म्हणून गेला. ख्रिसमसला आला की त्यालाही मारू का मी चॉकलेट फेकून?"

भाचा गप्प. मामा बोव्हरिलमध्ये बघतो. या नदीकाठच्या घराघरातून कुणी ना कुणी दक्षिणेला गेलंय, नाहीतर जर्मनीत विटा रचायला. जर्मनीतल्या जॉर्डी, म्हणजे इथल्याच, गवंड्यांवर टीव्हीवर मालिकाही येऊन गेली आणि इथल्या लोकांनी ती अगदी घरचा कार्यक्रम असल्यासारखी पाहिली.

"तुमचा पोरगा त्या वैऱ्यांच्या, संडरलँडच्या भिंती बांधत नाही ना?" भाचा शेवटी म्हणतो. बाई हसते. उत्तर काही फार भारी नव्हतं, पण हसायला जागा मिळाली.

संघ येतात.

आता जो आवाज उठतो तो कानाने ऐकू येत नाही, बरगड्यांत लागतो. तीस हजारांवर माणसं. आधी हुर्यो, मग शिट्ट्या, मग गॅस्कॉइनच्या पोटावरचं एक गाणं, जे मी इथे लिहिणार नाही. तो दिसतो: छातीवर जर्मन बिअरचं नाव, गाल लाल, शर्ट जरा ताणलेला. आता त्याच संघातला वॉडल त्याच्या जवळून जातो. वॉडल जुना पापी, तीन वर्षांत त्याच्यावरचा राग थंडावलाय. नवा पापी हा.

चेंडू आपल्या टोकाकडे येतो आणि आकाशात काळ्या-लाल वेष्टनांची झड सुरू होते. थप्‌, थप्‌. काही गवतात पडतात, काही त्याच्या पायाशी, आणि फ्रीझरमधला एखादा लागतोही. कुणाचा नेम कसा, यावर तुमच्या मागे आता वेगळीच चर्चा. आणि तो? एक उचलतो, वेष्टन सोडतो, खातो.

क्षणभर त्या गॅलोगेटला काय करावं कळत नाही. कुणीतरी फसकन हसतं. मामाच्या तोंडून "हलकट पोरगं" असं निघतं, पण ज्या सुरात ते निघतं त्या सुरात तो आपल्या नातवालाच बोलत असणार. भाच्याच्या हातात अजून एक शिल्लक आहे. तो तसाच हातात राहतो. घट्ट धरल्यामुळे चॉकलेट वितळून बोटांना लागलंय.

तुमचा? फेकायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. मी सल्ला देणार नाही. एवढंच की फेकलात तर मनापासून फेका. अर्धवट फेकलेला मार्स बार पुढच्या रांगेतल्या टकलावर पडतो आणि ते टक्कल वळून बघतं.

सामना २-२ सुटतो. कुणाचंच समाधान नाही, म्हणजे भांडायला पूर्ण संध्याकाळ. गर्दी तुम्हाला उचलून बाहेर आणते, स्ट्रॉबेरी पबच्या दारात सोडते. आत चालायला जागा नाही, धुरात दिवे पिवळे, जमिनीवर सांडलेल्या बिअरला बूट चिकटतात. ज्यानं आधी ग्लास भरला त्यानं सगळ्यांचे भरायचे, ही इथली रीत. तुमची पाळी चुकवू नका. सगळे गुलाबी कागदावरच्या 'पिंक'ची वाट बघताहेत. आत्ताच पाहिलेल्या सामन्याबद्दल संध्याकाळच्या पेपरात काय लिहिलंय, हे यांना वाचायचं असतंच. तुम्हाला हसू येईल. येऊ द्या, पण तोंड फिरवून.

आणि तुमचं नशीब थोर. गेल्या महिन्यापर्यंत पबला दुपारी कुलूप लागायचं. दोन आठवड्यांपूर्वीच कायदा बदलला, आता अकरा ते अकरा उघडा. म्हणजे मामाला वेळच वेळ. त्यानं कोपरानं तुमच्यासाठी जागा केलीय, तुमच्या हातात गार ग्लास दिलाय, आणि कुठून आलात याची चौकशी न करता तो सुरू झालाय: "तू परका माणूस आहेस, तूच सांग पोरा. वॉडलला विकलं ते एक वेळ समजू शकतो. पण बीअर्ड्सली?"

भाचा पलीकडून ओरडतो, "मामा, बीअर्ड्सलीचं नको! बीअर्ड्सली काढलास तर मी घरी जातो."

जात नाही. पुढची पाळी त्याची आहे.