फिल्टर निघाला आणि रॉजर्स 26 तास झोपली

शुक्रवार, 8 जुलै 2022, पहाटे 2:27 (टोरांटोची वेळ)
कॅनडातल्या रॉजर्स या बड्या दूरसंचार कंपनीत मेंटेनन्स सुरू झाला. आयपी कोअरच्या, म्हणजे नेटवर्कच्या गाभ्याच्या, सात टप्प्यांच्या अपग्रेडमधला हा सहावा टप्पा. आधीचे पाच बिनबोभाट पार पडले होते. कामाची जोखीम सुरुवातीला ‘जास्त’ धरली होती. पण मागचं सगळं सुरळीत झालं म्हणून सिस्टिमच्या गणिताने ती ‘कमी’वर आणली. झालं, वाढीव तपासणीची कटकट मिटली. खरं तर घात झाला तो इथेच.

4:43
डिस्ट्रिब्युशन राउटरच्या कॉन्फिगरेशनमधून अ‍ॅक्सेस कंट्रोल लिस्टचा एक पॉलिसी फिल्टर काढला गेला.

अशी लिस्ट म्हणजे ओळीने लिहिलेले नियम. वरून खाली वाचत यायचं, जी ओळ आधी जुळेल ती लागू: पर्मिट (जाऊ द्या) नाहीतर डिनाय (अडवा). स्विचवर ट्रॅफिकचे वर्ग पाडताना, म्हणजे फोन कॉलला आधी वाट आणि डाउनलोडला मागून, हीच लिस्ट क्लास-मॅपला जोडतात. रॉजर्सच्या राउटरवर मात्र तिच्याकडे दारवानी होती: डेटाच्या मार्गांची किती माहिती कोअरपर्यंत जाऊ द्यायची, एवढंच. सिस्कोच्या धर्तीच्या कमांड लाइनवर ओळीआधी ‘नो’ लिहून एंटर दाबला की नियम तत्क्षणी जातो, ‘नक्की ना?’ असं बहुधा कुणी विचारतही नाही. ज्युनिपरच्या राउटरवर ‘कमिट कन्फर्म्ड’ची सोय असते, 10 मिनिटांत पुन्हा होकार दिला नाही, तर बदल आपोआप मागे फिरतो. ही सोय वापरायला आळस करणारे मात्र सगळीकडे भेटतात.

4:45
मार्गांच्या माहितीचा लोंढा कोअर राउटरवर आदळला. त्यांना भार रोखणारी मर्यादा घातलेली नव्हती. काही मिनिटांत ते कोसळले. मोबाइल आणि घरचं इंटरनेट, दोन्ही त्याच कोअरवर. 1 कोटी 20 लाखांहून अधिक ग्राहकांची सेवा गेली.

सकाळ
राउटरमध्ये शिरून पाहावं, तर देखरेखीचं नेटवर्कही त्याच कोअरवर टेकलेलं. किल्ली आत आणि दार लॅच लागून बंद! इंजिनिअरांचे फोनही रॉजर्सचेच, त्यामुळे एकमेकांना गाठणं मुश्कील. दुसऱ्या कंपन्यांची सिम कार्डं पाठवावी लागली. सुट्टीवर असलेल्या तंत्रज्ञान-प्रमुखांना आधी वाटलं, आपलाच फोन बिघडलाय.

दिवसभर
इंटरॅक या पेमेंट नेटवर्कची डेबिट सेवा देशभर ठप्प. 911 या आणीबाणीच्या नंबरचं प्रकरण जास्त भीषण: टॉवर जिवंत, त्यामुळे फोन रॉजर्सलाच चिकटून राहिले, दुसऱ्या नेटवर्ककडे वळलेच नाहीत, आणि कॉलही लागेनात. बेल आणि टेलस या प्रतिस्पर्धी कंपन्या मदतीला तयार होत्या. पण ग्राहकांची नोंदवहीच हाताशी नव्हती, तर कुणाला कुठे हलवणार? टोरांटोच्या रॉजर्स सेंटर स्टेडियममधला गायक द वीकेंडचा कार्यक्रमही पुढे ढकलला.

संध्याकाळ
मूळ कारण सापडायला सुमारे 14 तास गेले. बिघडलेल्या राउटरच्या नोंदी तोवर वाचताच येत नव्हत्या.

शनिवार, 9 जुलै, सकाळ
सेवा बहुतांशी परतली, एकूण 26 तासांनी. ग्राहकांना पाच दिवसांचं बिल माफ झालं. मोबाइल आणि घरगुती इंटरनेटचा कोअर वेगळा करायचं, देखरेखीला स्वतंत्र वाट द्यायचं कंपनीने त्यानंतर ठरवलं.