मशीन मोकळं झालं की

रात्री दोनला बॅकअप लावून ठेवणारे पुष्कळ जण असतात. दोन वाजता मशीनवर कुणी नसेल, असा त्यांचा हिशेब. पण त्याच वेळी दुसऱ्या कुणाचं मोठं काम चालू असलं, तर दोन्ही कामं रखडतात. युनिक्समध्ये एक आज्ञा मात्र घड्याळाकडे बघत नाही. ती मशीनवरचा भार बघते. तिचं नाव बॅच.

तिचं कूळ पंचकार्डांच्या काळातलं. संगणक इतका महाग होता की तो क्षणभर रिकामा राहणंही परवडत नसे. 1956 साली जनरल मोटर्स आणि नॉर्थ अमेरिकन एव्हिएशन इथल्या प्रोग्रामरांनी आयबीएम 704 साठी एक प्रणाली लिहिली. एक काम संपलं की पुढचं तिच्यामुळे आपोआप सुरू होई. मशीनचा खोळंबा थांबला, माणसाचा वाढला. कार्डावर एक स्वल्पविराम चुकला तरी गठ्ठा परत हाती यायचा आणि पुन्हा रांग धरायची.

ही रांग मोडायची खटपट 1961 साली एमआयटीत झाली. फर्नांडो कोर्बातो आणि सहकाऱ्यांनी सीटीएसएस नावाची प्रणाली दाखवली, तिच्यात अनेक जण एकाच वेळी टर्मिनलवर बसून काम करू शकत. माणूस टाइप करतो, थांबतो, विचार करतो. तेवढ्यात प्रोसेसर मोकळा असतो. तो उरलेला वेळ पार्श्वभूमीला चालणाऱ्या जुन्या, गठ्ठ्यातल्या कामांना मिळे. माझ्या लेखी या कुळाचा मूळपुरुष हाच. समोर बसलेल्या माणसाला पहिला मान आणि उरलेल्या वेळात बाकीची कामं, हा दंडक इथे प्रत्यक्षात उतरला.

पण मशीन मोकळं आहे हे ओळखायचं कशावरून? त्यासाठी माप हवं होतं. पीडीपी-10 साठी बीबीएन कंपनीने केलेल्या टेनेक्स प्रणालीत ते होतं. 1973 साली अर्पानेटच्या एका टिपणात टेनेक्सचा जुलै महिन्याचा सरासरी भार छापलेला आहे. आज अपटाइम टाइप केलं की शेवटी जे तीन आकडे येतात, ते याच मापाचे वंशज. ते अनुक्रमे गेल्या 1, 5 आणि 15 मिनिटांतला सरासरी भार दाखवतात. ढोबळमानाने, प्रोसेसरवर चालू असलेली आणि त्याची वाट बघणारी कामं किती, हे त्यांतून कळतं.

1979 च्या सातव्या आवृत्तीतल्या युनिक्समध्ये ॲट आणि क्रॉन होते, पण दोन्ही घड्याळाचे ताबेदार. काम सुरू झाल्यावर त्याचा अग्रक्रम कमी ठेवायला नाइस होती. ते सुरू करायचं की नाही, याच्याशी तिला देणंघेणं नव्हतं. ती उणीव पुढे सिस्टिम फाइव्हच्या बॅचने भरून काढली. बॅच टाइप करायचं, एंटर दाबायचं, आज्ञा लिहायची, कंट्रोल-डी दाबायचं, संपलं. काम ‘बी’ नावाच्या रांगेत जातं आणि भार ठरावीक मर्यादेखाली आला की चालतं. पुढे पॉझिक्स मानकातही तिला जागा मिळाली.

1988 साली विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या संशोधकांनी कॉन्डोर मांडला. तो नेटवर्कमधली रिकामी वर्कस्टेशनं हुडकून त्यांच्यावर कामं पाठवी आणि यंत्राचा मालक परतला की ते यंत्र सोडून देई. मूळ दंडक तोच, फक्त पसारा मोठा.

या कुळाचा एक वारसा आज अडचणीचा झाला आहे. लिनक्सवर बॅचची भारमर्यादा मुळात 0.8 आहे, डेबियनमध्ये 1.5. एका प्रोसेसरच्या मशीनला ती योग्यच होती. आठ कोअरच्या मशीनवर मात्र भार 2 असतानाही बहुतेक कोअर रिकामे असतात आणि तुमचं काम रांगेत ताटकळत राहतं. म्हणून बॅच वापरायला घेण्याआधी एटीडी ही पार्श्वसेवा ‘-एल’ पर्यायाने सुरू करा आणि मर्यादा कोअरच्या संख्येतून एक वजा करून येईल त्याहून जास्त ठेवा. आठ कोअर असतील तर 7 च्या वर.