इनामगावचा बांध

पूर म्हटला की ‘अडवणे’ हाच शब्द आपल्या तोंडी आधी येतो. शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी, इनामगावच्या आद्य शेतकऱ्यांनी निराळा विचार केला होता. डेक्कन कॉलेजने १९६८ पासून तेथे अनेक हंगाम उत्खनन केले. सांकळिया, अन्सारी आणि ढवळीकर यांच्या या कामातून पूर्व जोर्वे काळातला (इ. स. पू. सुमारे १४०० ते १०००) दगडमातीचा बांध उजेडात आला. लांबी सुमारे २४० मीटर, रुंदी २.२ मीटर. जोडीला सुमारे २०० मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि साडेतीन मीटर खोल कालवा.

माझ्या मते खरी युक्ती या जोडीत आहे. बांधाने लोंढा वळवायचा आणि कालव्याने तेच पाणी शेतीला द्यायचे. घोड उगम पावते सह्याद्रीत. शिरूर आणि दौंड मात्र पर्जन्यछायेत. घाटमाथ्यावर धो धो पडत असताना इथले आभाळ कोरडे असू शकते. पूर येतो तो परक्या पावसाचा. तो घरात शिरला तर संकट, पण तसाच वाहून गेला तर तेही नुकसानच. जवासारखे रब्बीचे धान्य पिकवणाऱ्यांना हे ठाऊक असणारच.

असे काम एका घराचे नव्हे. उत्खननात पाच खोल्यांचे मोठे घर आणि शेजारी धान्यकोठार सापडले. ढवळीकरांनी ते गावप्रमुखाचे मानले. पाण्याची व्यवस्था म्हणजे माणसांचीही व्यवस्था, असा अर्थ मी त्यातून काढतो.

इ. स. पू. १००० नंतर चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या आणि ७०० च्या सुमारास वस्ती उठली. अभ्यासकांनी याचा संबंध घटत्या पावसाशी जोडला. नदीतच पाणी नसेल तर बांध तरी काय करणार?

आज घोडवर चिंचणीला धरण आहे. दौंडच्या बाजूला भीमेत उजनीचा फुगवटा आहे. पुराच्या निळ्या-लाल रेषा नकाशावर आखल्या जातात. पंचवीस वर्षांतला पूर निळ्या रेषेपर्यंत, शंभर वर्षांतला लाल रेषेपर्यंत. रेषा सांगते, पाणी कुठवर येईल. आलेले पाणी कुठे न्यायचे, हे ती सांगत नाही. इनामगावकरांनी या दोन्ही प्रश्नांना एकाच कामातून उत्तर दिले. दुष्काळी तालुक्यात पुराचा आराखडा आणि सिंचनाचा आराखडा एकाच टेबलावर हवेत, एवढे तरी त्यांच्याकडून घ्यावे.