हाजिर जामीन आणि फैल जामीन : लोकमान्य टिळकांवरील तीन खटल्यांतील जामीन व वकील यांचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

राजद्रोहाच्या खटल्यांचा विचार करताना अभ्यासकांचे लक्ष सहजच निकालपत्राकडे जाते. तथापि अटक आणि निकाल यांच्या दरम्यान आरोपी कोठे होता, त्याला वकील कोण मिळाला आणि बचावाची तयारी त्याने कोणत्या परिस्थितीत केली, हे प्रश्नही तितकेच महत्त्वाचे आहेत. प्रस्तुत लेखात लोकमान्य टिळकांवरील १८९७, १९०८ व १९१६ या तीन प्रकरणांच्या आधारे जामीन या संस्थेचे स्वरूप आणि वकिलाची भूमिका यांचा विचार केला आहे.

संज्ञा व कायदा :

'जामीन' हा शब्द मराठीत इंग्रजी अंमलाच्या पूर्वीपासून रूढ आहे. मराठेशाहीतील न्यायविषयक कागदपत्रांत वादी-प्रतिवादींकडून जामीनकतबा घेतल्याचे उल्लेख आढळतात. जामिनाचे प्रकारही वेगळे होते. इसमाला हजर करण्याची हमी म्हणजे हाजिर जामीन, रकमेच्या फेडीची हमी म्हणजे माल जामीन आणि चांगल्या वर्तणुकीची हमी म्हणजे फैल जामीन. या सर्वांत जामीन ही मुळात एक व्यक्ती होती. दुसऱ्यासाठी आपली पत गहाण ठेवणारा तो जामीन.

इंग्रजी अंमलात या व्यवहाराला संहितेचे रूप आले. १८८२ च्या व त्यानंतर १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने गुन्ह्यांची जामीनपात्र व अजामीनपात्र अशी विभागणी केली. जामीनपात्र गुन्ह्यात जामीन हा हक्क होता. अजामीनपात्र गुन्ह्यात आरोपीने अपराध केला असे मानण्यास वाजवी कारण दिसल्यास कलम ४९७ अन्वये त्याला सोडता येत नसे. मात्र कलम ४९८ ने उच्च न्यायालयाला व्यापक स्वेच्छाधिकार दिला होता. भारतीय दंड संहितेत १८७० मध्ये समाविष्ट झालेले राजद्रोहाचे कलम १२४-अ अजामीनपात्र होते. त्यामुळे टिळकांच्या बाबतीत सारा भर न्यायमूर्तींच्या स्वेच्छाधिकारावर आणि तो अधिकार वापरण्यास त्यांना प्रवृत्त करणाऱ्या वकिलावर होता.

१८९७ चे प्रकरण :

टिळकांना २७ जुलै १८९७ रोजी मुंबईत अटक झाली. दंडाधिकाऱ्यांनी जामीन नाकारला. उच्च न्यायालयात न्या. पार्सन्स व न्या. रानडे यांनीही त्या टप्प्यावर तो दिला नाही. प्रकरण सत्राकडे वर्ग झाल्यावर मुंबईचे बॅरिस्टर दिनशा दावर यांनी न्या. बद्रुद्दीन तय्यबजी यांच्यासमोर पुन्हा अर्ज केला आणि ४ ऑगस्ट रोजी जामीन मंजूर झाला.

न्या. तय्यबजी यांची भूमिका थोडक्यात अशी होती : जामिनाचा मुख्य हेतू आरोपी खटल्यास हजर राहील याची निश्चिती करणे हा आहे. टिळक पळून जातील अशी शंका घेण्यास जागा नव्हती. तुरुंगात राहून बचावाची तयारी करणे अवघड होते. शिवाय महिनाभर कोठडीत ठेवल्यावर ते निर्दोष ठरले, तर न्यायाचा हेतूच विफल झाला असता. येथे जामिनाची कसोटी गुन्ह्याच्या नावावरून न ठरता हजेरीच्या खात्रीवरून ठरली. जुन्या परिभाषेत हा शुद्ध हाजिर जामीन होय.

या सुटकेमुळे टिळकांना बचावाच्या तयारीसाठी सुमारे पाच आठवडे मोकळे मिळाले. कलकत्त्याच्या मित्रांनी निधी गोळा केला आणि पग व गार्थ हे बॅरिस्टर पाठविले. ८ सप्टेंबर रोजी न्या. स्ट्रॅची यांच्यासमोर खटला सुरू झाला. ज्यूरीतील सहा युरोपीय सदस्यांनी दोषी, तर तीन भारतीय सदस्यांनी निर्दोष असे मत दिले. १४ सप्टेंबर रोजी अठरा महिन्यांच्या सक्तमजुरीची शिक्षा झाली.

१९०८ चे प्रकरण :

२४ जून १९०८ रोजी टिळकांना पुन्हा मुंबईत अटक झाली. दंडाधिकाऱ्यांनी जामीन नाकारल्यावर २ जुलै रोजी बॅ. महंमद अली जीना यांनी उच्च न्यायालयात अर्ज केला. त्यांनी टिळकांची प्रकृती आणि बचावाच्या तयारीची गरज पुढे मांडली व न्या. तय्यबजी यांच्या निर्णयाचा आधार घेतला. अर्ज ऐकणारे न्यायमूर्ती होते दिनशा दावर, म्हणजे ज्यांनी १८९७ मध्ये वकील या नात्याने तोच निर्णय मिळविला होता. त्यांनी अर्ज फेटाळला आणि या टप्प्यावर कारणे देणे इष्ट नाही असे सांगितले.

या विसंगतीचा उलगडा केवळ व्यक्तिगत मतपरिवर्तनाने होत नाही. कलम ४९८ मधील अधिकार कोणत्या निकषावर वापरावा हे संहितेने सांगितले नव्हते आणि कारणे देण्याचे बंधनही घातले नव्हते. अशा स्थितीत पूर्वनिर्णय मार्गदर्शक ठरला तरी बंधनकारक ठरत नव्हता. परिणामी टिळकांना तयारी कोठडीतूनच करावी लागली. १३ जुलैला सुरू झालेल्या खटल्यात त्यांनी आपला बचाव स्वतः मांडला. त्यांचे भाषण एकवीस तासांहून अधिक चालले. २२ जुलै रोजी सात विरुद्ध दोन मतांनी ते दोषी ठरले आणि त्यांना सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली.

१९१६ चे प्रकरण :

होमरूलविषयक बेळगाव व अहमदनगर येथील भाषणांबद्दल १९१६ मध्ये टिळकांवर कलम १०८ खाली कार्यवाही झाली. येथे गुन्ह्याचा खटला नव्हता. एक वर्ष चांगल्या वर्तणुकीसाठी वीस हजार रुपयांचा जातमुचलका आणि प्रत्येकी दहा हजारांचे दोन जामीन द्यावेत असा पुण्याच्या जिल्हा दंडाधिकाऱ्यांचा आदेश होता. हा फैल जामीन होय. हाजिर जामीन आरोपीला मोकळे करतो, तर फैल जामीन मोकळ्या माणसाच्या वाणीवर आर्थिक टांगती तलवार ठेवतो. बॅ. जीना यांच्या युक्तिवादानंतर न्या. बॅचलर व न्या. शहा यांनी भाषणांचा समग्र आशय पाहून ९ नोव्हेंबर १९१६ रोजी हा आदेश रद्द केला.

उत्तरकाळ :

टिळकांना नामवंत बॅरिस्टर मिळू शकले आणि जामीन राहण्याइतकी पत असलेले हितचिंतकही होते. सामान्य आरोपीजवळ या दोन्ही गोष्टी नसत. १९७८ च्या मोतीराम विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या प्रकरणात एका गवंड्याकडे दहा हजारांचा जामीन मागितला गेला. भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात असल्याने त्याची हमी नाकारण्यात आली. न्या. कृष्ण अय्यर यांनी एक हजाराच्या जातमुचलक्यावर सुटकेचा आदेश दिला. १९७९ च्या हुसैनारा खातून प्रकरणाने बिहारमधील कच्च्या कैद्यांची स्थिती पुढे आणली आणि मोफत वकील हा न्याय्य प्रक्रियेचा भाग असल्याचे मान्य झाले. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ हा १९९५ मध्ये अंमलात आला. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत जामीन, जामीनपत्र व बंधपत्र यांच्या व्याख्या प्रथमच देण्यात आल्या आहेत.

निष्कर्ष :

१. १८९७ मध्ये जामीन मिळाला व १९०८ मध्ये नाकारला गेला, तरी दोन्ही वेळा शिक्षा झाली. म्हणून जामिनाचे मूल्य निकालावरून मोजता येत नाही. निकालापूर्वी आरोपीला माणूस म्हणून कसे वागविले गेले, यातच ते आहे.

२. निकषांविना दिलेला स्वेच्छाधिकार एकाच कायद्याखाली परस्परविरुद्ध परिणाम घडवितो. दावर यांच्या दोन भूमिका हे त्याचे ठळक उदाहरण होय.

३. वकील आणि जामीन हे बचावाचे दोन आधार परस्परांवर अवलंबून आहेत. वकिलाविना जामिनाचा अर्ज नीट उभा राहत नाही आणि जामिनाविना वकिलाला पक्षकाराची पुरेशी साथ मिळत नाही.

४. जामीन ही मुळात माणसाने माणसाची दिलेली हमी होती. ती केवळ मालमत्तेवर मोजली जाऊ लागली की निर्धन आरोपी दोष सिद्ध होण्यापूर्वीच शिक्षा भोगू लागतो.